सटकावे कसे? नवशिक्या श्वानपालकांसाठी

लागणारे साहित्य: एक फ्लॅट, एक कुत्रा, रोज ऑफिसला जावे लागणारे एक माणूस आणि खालच्या मजल्यावर एक काकू. काकू नसल्या तर जुना मोबाइल चित्रीकरणाला लावून ठेवावा. असल्या तरी लावावा, कारण काकूंच्या हिशेबात कुत्रा अख्खा दिवस रडतो आणि तुमच्या हिशेबात जरासा कुंईकुंई करतो. खरा कहर बहुधा तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासातच असतो.

शहाण्यासारखा वागणारा कुत्रा अचानक हॉलमध्ये शू करू लागला, तर आधी त्याची लघवी तपासून आणा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, किडनीचे दुखणे यांवर शिस्तीची मात्रा चालत नाही. तुम्ही समोर बसलेले असतानाही होत असेल, तर विरहाला दोष देऊ नका. दार ओढून घेतल्यावरच होत असेल, तर तो सूड नव्हे. घाबरल्यावर कोणाचेही होते, तेच त्याचे होते.

पुढची पायरी फिनेलची. ती गाळा. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. फिनेलने तुमचे समाधान होते. त्याला त्याखालचा मजकूर स्पष्ट वाचता येतो. डाग मुळापासून मोडणारे एन्झाइमचे क्लीनर मिळते, ते वापरा. अमोनियाचे तर नकोच, त्याचा वास लघवीच्याच घराण्यातला.

आता ओरडण्याची हौस. कुत्रा कान पाडतो, नजर चुकवतो आणि घरचे म्हणतात, चोराच्या मनात चांदणं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली हे चांदणे तपासले. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरे सांगितले, कधी खोटे. अपराधी चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नव्हताच, तो मालकाच्या रागावण्यावर होता. खाऊला तोंडही न लावलेल्यांचे चेहरे बोलणी बसताच पडले. दुपारच्या डबक्याचा संध्याकाळच्या आरडाओरड्याशी काय संबंध, हे कुत्र्याला कळत नाही. मालक आला की धोका, एवढे मात्र तो पक्के शिकतो.

मुख्य विद्या निघण्याची. आपल्याकडे पाहुणा चपला घातल्यावर दारात अर्धा तास उभा राहतो आणि तिथेच कोणाच्या तरी लग्नाचा विषय काढतो. अशा संस्कारात वाढलेल्यांना ती जड जाते. गळ्यात पडून ‘आई लगेच येते हं बाळा’ असा निरोपसमारंभ करू नका. तसाही त्याला सुगावा आधीच लागलेला असतो: किल्ल्यांचा खुळखुळाट, डब्याचे झाकण, मोज्यांचा कप्पा. म्हणून बूट घालून सोफ्यावर मालिका बघा. किल्ल्या खुळखुळवत पोहे करा. घरच्यांची काळजी वाढेल, कुत्र्याची कमी होईल.

मग दाराबाहेर पाच सेकंद, आणि परत. समोरचे विचारतील, ‘काही विसरलात का?’ हो म्हणा. रोज म्हणा. तो घाबरायच्या आत आत शिरायचे, एवढाच नियम. पाचाचे तीस सेकंद, तिसाची दोन मिनिटे, मध्येच पुन्हा दहा सेकंद. तोवर ऑफिसच्या वेळात कोणाला तरी घरी बसवावे लागते आणि या पद्धतीतली सर्वांत महाग पायरी तीच. ‘एकटा पडतो, दुसरा आणा’ हा सल्ला मात्र फुकट मिळतो. त्याला सोबत हवी असते ती बहुधा तुमची. दुसऱ्याने काम भागले नाही, तर काकूंना स्टिरिओ.

दिवाळीत फटाके, भरलेले घर आणि भाऊबीजेनंतर एकदम सामसूम: मिनिटे पुन्हा सेकंदांवर येतात. चिडू नका, मागच्या पायरीवर जा. तीही जमेना, तर पशुवैद्य फ्लुओक्सेटीन किंवा क्लोमिप्रामीन सुचवू शकतात. ही औषधे माणसेही घेतात, म्हणून कपाटातली गोळी आपल्या मनाने अर्धी करून देऊ नये. औषध त्याला शिकण्याइतपत शांत करते, शिकवायचे तुम्हालाच.

परतल्यावर भरतभेट नको. पट्टा अडकवा, थेट खाली न्या. पार्किंगपलीकडच्या झाडापाशी त्याने शू केली की तिथल्या तिथे खाऊ द्या आणि मोठ्याने शाबासकी. वॉचमन बघत असला, तरी आवाज कमी करू नये.