परसातील मुलकी कारभार

मनुष्य सरकारी चाकरीतून निवृत्त झाला, म्हणजे अंगवळणी पडलेला अधिकार तेवढा त्याच्यापाशी शिल्लक राहतो, पण तो चालविण्यास घरात प्रजा उरलेली नसते; मुलगे परगावी गेलेले असतात, सुना आपापल्या संसाराच्या मुखत्यार झालेल्या असतात, आणि सहधर्मचारिणीने तर त्याचे हुकूम मानण्याचे फार पूर्वीच सोडून दिलेले असते. अशा अवस्थेत त्याची दृष्टी घरामागच्या मोकळ्या जागेकडे वळते, आणि येथे भाजीपाला करावा, अशी बुद्धी त्यास होते. भाजी उलट उत्तर देत नाही, या एकाच समजुतीवर पुण्यातील निम्म्याअधिक परसबागा उभ्या असाव्यात, असे माझे प्रामाणिक मत आहे; आणि ही समजूत साफ खोटी आहे, असेही आहे.

आमचे शेजारी मुलकी खात्यात अव्वल कारकून होते. आळीत लहानथोर त्यांना भाऊसाहेब म्हणतात. सरकारची ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम जोरात असतानाच त्यांचे निवृत्तिवेतन सुरू झाले, आणि आजन्म दुसऱ्यांच्या पिकांची आणेवारी लिहिलेल्या या गृहस्थाने स्वतः पीक काढण्याचे मनावर घेतले. जागा अर्धा गुंठा. तीतही घर बांधताना गवंड्यांनी टाकलेला चुना, विटांचे तुकडे आणि पायातून निघालेला मुरूम असा ऐवज हातभर खोलीपर्यंत दडलेला होता; परंतु भाऊसाहेबांनी कुदळीस हात लावण्यापूर्वी नकाशास हात घातला. मापावर काढलेल्या, चतुःसीमा दाखविलेल्या त्या कागदावर सोळा पिकांना सोळा पट्टे नेमून दिलेले होते. एक दुधीचा वेल मनात आणील, तर एवढी सर्व जहागीर एकटा गिळंकृत करील, ही गोष्ट नकाशात दिसत नाही. वांग्यांना त्यांनी फणसाखालचा पट्टा दिला. कारण विचारता, ती जागा पडवीतल्या आरामखुर्चीवरून नजरेच्या टप्प्यात येते, असे उत्तर मिळाले. वांगी, मिरची, टोमॅटो ही फळ धरणारी मंडळी दिवसाकाठी निदान सहा तास उघडे ऊन मागतात, आणि फणसाखाली अळू किंवा पुदिना तेवढा नांदतो, हे आरामखुर्चीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पेरणीसाठी पंचांग पाहून अक्षय्य तृतीयेचा दिवस ठरला. मुहूर्तास मी नावे ठेवीत नाही. त्या दिवशी आळी करून वेलभाज्या लावण्याची चाल जुनी आहे. पण भाऊसाहेबांनी मुहूर्त पाहिला आणि हंगाम पाहिला नाही. भर वैशाखात त्यांनी फ्लॉवरचे बी टाकले, ज्याचा गड्डा थंडीवाचून नीट धरत नाही. आणि शेजारच्या वाफ्यात कोथिंबीर, जी उन्हाच्या झळा लागताच पानांचा नाद सोडून फुलावर येते आणि संसार आटोपते. शिवाय मिरची, टोमॅटो, तांबडा भोपळा ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली; पोर्तुगीज लोक या किनाऱ्यावर येईपर्यंत त्यांची आणि मृगनक्षत्राची तोंडओळखही नव्हती, तेव्हा आमच्या पंचांगाचा मुलाहिजा ती कितपत ठेवणार!

धणे पेरताना पहिला खटका उडाला. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून धणे पायताणाखाली हलकेच रगडून त्यांची दोन दळे सुटी करून पेरावी लागतात. वहिनी हे दारातून सांगत होत्या. मोहोरबंद लखोटा फोडल्यावर त्याची किंमत काय राहिली, अशा मुद्रेने भाऊसाहेबांनी अखंड धणे पेरले. मेथीचे दाणे त्यांनी चार बोटे खोल पुरले. बी आपल्या जाडीच्या दुपटीतिपटीपेक्षा खोल जाऊ नये, हा सर्वसाधारण दंडक आहे. बारीक बियांत शिदोरी थोडी, आणि एवढी माती डोक्यावर घेऊन वर यावयाचे म्हणजे ती वाटेतच संपते. पण खोल पुरलेले सुरक्षित राहते, अशी भाऊसाहेबांची दप्तरखान्यातील शिकवण होती.

त्यानंतर तगादा सुरू झाला. मेथी वर असती, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसली असती. कोथिंबिरीस आठापासून पंधरापर्यंत दिवस लागतात. कारल्याचे कवच एवढे टणक की रात्रभर भिजत घातल्यावाचून ते दाद देत नाही. भाऊसाहेबांनी सर्वांना एकच मुदत दिली, आणि ती टळताच काडीने वाफे उकरून प्रत्यक्ष तपासणी केली. जे बी मोड फुटण्याच्या बेतात होते, तेही या चौकशीत दगावले. पाण्याच्या बाबतीत मात्र ते कमालीचे उदार होते. सकाळी झारी, दुपारी झारी, संध्याकाळी झारी. मातीत बोटाची दोन पेरे खुपसून ओल आहे की नाही, हे पाहण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही. मिरचीची रोपे बुडाशी सडून एकामागून एक आडवी झाली, तेव्हा ती तहानेने गेली, असा पंचनामा करून त्यांनी चौथी झारी मंजूर केली.

मुळ्याचे मात्र दाट रान उगवले. दर चार बोटांवर एक रोप राखून बाकीची उपटावी, तरच खाली मुळा पोसतो. नवशिक्या बागवानाचा हात येथे हटकून थरथरतो, आणि त्या कोमल भावनेचा मला आदरच वाटतो. पण ज्या गृहस्थाने उमेदवार कारकुनांच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे पाहून कधी शेरा बदलला नाही, त्याने मुळ्याच्या रोपट्यासाठी गहिवरावे, याचे आश्चर्य वाटले. अखेरीस पाला भरपूर निघाला आणि मुळे करंगळीएवढे. टोमॅटोची कथा उलट. सिंद्रीचा सरकारी खतकारखाना १९५१ साली सुरू झाला होता, आणि अमोनियम सल्फेटची स्तुती वर्तमानपत्रांत वाचून भाऊसाहेबांनी ते पांढरेशुभ्र खत ओंजळीने घातले. नत्र अतोनात झाले की झाड पानांच्या ऐश्वर्यात रमते आणि फळाचे विसरते. टोमॅटो खिडकीच्या गजांपर्यंत चढला, काळाभोर हिरवा झाला, आणि त्यावर एकही फळ आले नाही. पाहुण्यांनी मात्र त्याची फार तारीफ केली.

पण खरी मौज झाली ती भोपळ्याची. आषाढात वेल भिंतीवर चढला, वाटीएवढी पिवळीधमक फुले रोज सकाळी उमलू लागली आणि रोज गळू लागली. “मास्तर, वेल वांझ निघाला,” भाऊसाहेब मला कुंपणावरून म्हणाले, आणि तो काढून टाकण्याचा हुकूम सुटणार, एवढ्यात वहिनी बाहेर आल्या. “अहो, ती सगळी बाप्याफुलं आहेत. पहिली तीच येतात. देठाशी गोळी असलेलं फूल आलं, की मग बघा.” आणि त्यांनी त्या गळणाऱ्या फुलांची भजी तळून आम्हा दोघांनाही वाढली. पुढे गोळीची फुलेही आली, पण गोळ्या पिवळ्या पडून झडू लागल्या. कारण भाऊसाहेब किडीच्या धास्तीने रोज पहाटे साऱ्या वेलावर तंबाखूचा काढा शिंपडीत होते, आणि मधमाश्यांनी त्या परसाची वाट सोडली होती. तेव्हा सूर्य वर येण्याच्या आत नरफुलाच्या पाकळ्या खुडून त्यातला केसर मादीफुलाच्या मध्यावर टेकवावा, असा उपाय निघाला. भोपळ्याचे फूल सकाळचे. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, म्हणून त्याची ही सोयरीक दिवेलागणीस जुळवावी लागते. असली मध्यस्थी आपल्या हुद्द्यास शोभत नाही, असे भाऊसाहेबांना वाटले असावे. वहिनी ते काम उरकीपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या काढ्याने मावा हटला की नाही, कोण जाणे. मावा खाणारे लाल ठिपक्यांचे ढालकिडे मात्र भाऊसाहेबांनी स्वहस्ते वेचून मारले, कारण ते ठळक दिसत होते. भेंडी उत्तम आली, तर ती तोडवेना. फूल गळल्यावर पाचसहा दिवसांत भेंडी काढली तर ती कोवळी, आणि झाडही नवी फुले धरते. पण येणाऱ्याजाणाऱ्यास दाखविण्यासाठी ती झाडावर ठेवली गेली, वीतभर लांब झाली, सुरीला दाद देईना, आणि झाडाने आपले कर्तव्य झाले असे समजून फुलणे बंद केले.

वहिनींनी सोयरीक जुळविलेला भोपळा तेवढा धरला; पण वेल भिंतीवरून उतरून आमच्या परसात आला होता, आणि तो पाचशेरी भोपळा आमच्या हद्दीत, आमच्या धुण्याच्या दगडावर विसावला होता. भाऊसाहेबांनी मला लेखी कळविले की, मूळ त्यांच्या जमिनीत असल्याने मालकी त्यांची, मात्र तो तोडून नेण्यास माझी जमीन तुडवावी लागत असल्याने वहिवाटीचा प्रश्न उत्पन्न होतो. मी उत्तराचा मसुदा करीत होतो, तोच वहिनी आणि आमचे कुटुंब यांनी मिळून भोपळा चिरला, किसला, गुळात शिजवला आणि त्याचे घारगे केले. भाऊसाहेब हरकत नोंदवून पानावर बसले. चौथा घारगा संपल्यावर त्यांनी बियांची चौकशी केली. त्या धुऊन, राख चोळून आमच्या खिडकीत वाळत टाकल्या होत्या. निम्म्या आमच्याकडे ठेवून निम्म्या त्यांच्या हवाली करण्यात आल्या, आणि भाऊसाहेबांनी त्या मोजून घेऊन रीतसर पावती लिहून दिली.