मासा का लागला नाही? नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

बर्फाला भोक पाडून मासे धरायला शिकणं सोपं आहे. एक गिरमिट, एक गळ, बसायला उलटी बादली आणि चहाचा थर्मास एवढ्यावर भागतं. अवघड काम संध्याकाळी सुरू होतं, तीच बादली सुलटी करून रिकामीच घरी नेल्यावर. नवशिका अशा वेळी "नाही लागला" एवढंच बोलतो आणि सापडतो. मुरलेला माणूस दारात बूट झटकताझटकता म्हणतो, "दाब चढत होता ना." पुढे कोणी काही विचारत नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्या पिढीकडे बॅरोमीटर नव्हता. असता तर बिचारं अंगण सुटलं असतं.

प्रस्तुत मार्गदर्शन न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावापुरतं आहे. बॉस्टन-नॅशुआ पट्ट्यात नोकरीला आलेल्या आणि ऑफिसातल्या कुणाच्या तरी "येतोस का शनिवारी?"ला भिडेखातर हो म्हणून बसलेल्या मराठी माणसाला ते उपयोगी पडावं. कोकणातून आलेल्यांनी आपलं ज्ञान गाडीतच ठेवून उतरावं. इथे भरती नाही, ओहोटी नाही, उधाणाची तिथी नाही. हंगाम सरकारी पत्रकावर चालतो: बर्फातून लेक ट्राउट नावाचा मासा धरायची मुभा १ जानेवारी ते ३१ मार्च. तेव्हा बर्फ असेल की नाही, याची जबाबदारी पत्रक घेत नाही. परवाना मात्र आधी काढा. परवाना नसण्याला कुठलंही हवामान कारण म्हणून चालत नाही.

माशाच्या घरचं हवामान

बाहेर उणे २० असो की अधिक ५, बर्फाखाली काय चाललंय ते आधी समजून घ्या. पाणी सगळ्यात जड असतं ते साधारण ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झालं की ते पुन्हा हलकं होऊन वर राहतं. म्हणून हिवाळ्यात तलावाची मांडणी उलटी होते. बर्फाला चिकटलेलं पाणी शून्याजवळ, आणि खाली तळाशी त्यातल्या त्यात ऊबदार, म्हणजे ४ अंशांच्या आसपास किंवा थोडं कमी. वर हिमवादळ घोंघावून गेलं तरी खालचा हा हिशेब त्या दिवसात फारसा हलत नाही. माशाला स्वेटर काढघाल करावी लागत नाही. ती तुम्हालाच करावी लागते.

उन्हाळ्यात लेक ट्राउट गार पाण्यासाठी खोल तळाला जाऊन बसतो, त्यामुळे त्याचा पत्ता ठरलेला असतो. हिवाळ्यात सगळा तलावच गार. मग तो किनाऱ्यालगतच्या खडकाळ उथळ पाण्यातही फिरतो आणि शंभर फुटांवरही. म्हणजे मासा कुठेही असू शकतो. ही माहिती नवशिक्याला उत्तेजन म्हणून सांगितली जाते.

सॅमनची गोष्ट वेगळी. या तलावातला सॅमन समुद्राचं तोंड न पाहिलेला, सरकारने पिलं सोडून वाढवलेला. तो स्मेल्ट नावाच्या बारक्या माशांच्या मागे बर्फाच्या पोटाला लागून हिंडतो. त्यामुळे तळाशी लेक ट्राउटसाठी सोडलेल्या गळाला तो सहसा बघतही नाही, आणि बर्फाखाली चार फुटांवर तुम्ही चुकून सोडलेला गळ हमखास ओढतो. हे आनंदाचं आहे असं वाटेल. थांबा, सॅमनचा कायदा पुढे येतो आहे.

बॅरोमीटरचं शास्त्र

बर्फावर या विषयाला देवघराचा मान आहे, तेव्हा बूट काढून आत या. सिद्धान्त असा. वादळ येण्याआधी हवेचा दाब उतरू लागतो तेव्हा मासे खा-खा सुटल्यासारखे खातात. दाब तळाला जाऊन स्थिरावला की मंदावतात. वादळ सरून आकाश निळंशार झालं, दाब चढला, की तोंड मिटून बसतात. आता गंमत बघा. नोकरदार माणूस बर्फावर जातो शनिवारी, आणि तेही निळंशार आकाश बघूनच. वादळ तर गुरुवारी येऊन गेलेलं असतं, तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये होता. हा सिद्धान्त खरा असो वा खोटा, नोकरदाराच्या बाजूने मात्र तो कधीच लागत नाही.

कागद-पेन्सिल घ्या. चांगलं दणकट वादळ म्हणजे दाबात साधारण ३० मिलिबारची उतरण. पाण्यात एक मीटर खाली गेलं की दाब जवळपास १०० मिलिबारने वाढतो. म्हणजे वादळाने केलेला सगळा फरक माशाच्या दृष्टीने एका वितीहून थोड्या जास्त पाण्याचा, फूटभर वर-खाली होण्याचा. ट्राउट दिवसभरात सहज पन्नास फूट चढतो-उतरतो. त्याला फूटभर फरकाने जेवण जाईनासं होत असेल तर तो अंडीही घालणार नाही.

शिवाय ट्राउट आणि सॅमनच्या कुळाला एक सोय आहे. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी नळीने अन्नमार्गाला जोडलेली असते. हवा जास्त झाली की ते चक्क ढेकर देतात. खोलातून लेक ट्राउट वर ओढताना भोकात आधी बुडबुडे येतात ते याचेच. पर्च वगैरे मंडळींना ही सोय नाही, त्यांना खोलातून झटकन वर काढलं की पोट फुगतं. म्हणजे दाबाची तक्रार करायचीच तर पर्चने करावी. ट्राउटच्या नावाने आपण ती उगाच नोंदवतो.

मग इतके जुने-जाणते लोक खोटं बोलतात का? माझ्या मते नाही. त्यांनी पाहिलेलं बरोबर असतं, नाव चुकीच्या गोष्टीचं घेतलं जातं. वादळाआधी ढग येतात, उजेड कमी होतो, आणि लेक ट्राउट हा अंधुक उजेडात शिकार करणारा मासा. नव्या काचेसारख्या बर्फातून भर दुपारचं ऊन आत शिरलं की तो खोलात सरतो, पहाटे वर येतो. त्याच बर्फावर हातभर हिम पडलं की खाली बराचसा अंधारच, मग वर ऊन आहे की ढग याने विशेष बिघडत नाही. तेव्हा आकाशाकडे बघण्याआधी पायाखाली बघावं. हिमाखालच्या बर्फावर बसून "आज फार ऊन आहे" असं कारण देणारा नवशिका ताबडतोब ओळखू येतो.

हे सगळं गणित बर्फावर कुणाला सांगू नका. शेजारच्या भोकावरचा म्हातारा आपल्या झोपडीच्या भिंतीला बॅरोमीटर लावून बसलेला असतो आणि गरम कॉफी त्याच्याकडे असते.

बर्फ, म्हणजे तुमची जमीन

इथे थोडा वेळ थट्टा बाजूला. हवामान माशाचं काही करो न करो, बर्फाचं नक्की करतं, आणि बर्फावर उभे तुम्ही असता.

न्यू हॅम्पशायरचं मत्स्य आणि वन्यजीव खातं पायी जायला किमान ६ इंच कठीण बर्फ हवा म्हणतं, स्नोमोबिलला ८ ते १० इंच. याच राज्यात हॅनोवर गावी अमेरिकन लष्कराची थंड प्रदेशांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, आणि हे आकडे तिच्या ठोकताळ्यावर आधारलेले आहेत. पण आकडा फक्त काळपट, पारदर्शक बर्फाचा. ओलं हिम गोठून झालेला पांढरा बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा, म्हणून तो दुप्पट जाड हवा. जाडी मोजायची ती गिरमिटाने भोक पाडून, आणि पुढे चालताना पहारीने ठोकत. "काल इथून ट्रक गेला होता" ही मोजणी नव्हे.

कडाक्याच्या थंडीने बर्फ जाड होतो हे खरं, पण वरून हिम पडलं की बर्फाला गोधडी मिळते आणि वाढ मंदावते. खूप पडलं तर त्याच्या भाराने बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली लगदा साचतो. वरून सगळं पांढरंशुभ्र, पाय टाकला की घोट्यापर्यंत गारेगार. "इतकी थंडी होती, बर्फ पक्का असणार" असं म्हणणारे इथे मोजे पिळत बसलेले दिसतात.

वारा आणखी खोडकर. तलावाच्या मधल्या विस्तीर्ण भागाला द ब्रॉड्स म्हणतात. तिथे वारा पाणी ढवळत राहतो, म्हणून तो भाग सगळ्यात शेवटी गोठतो. काठावरच्या मेरेडिथ गावापाशी लोक गाड्या घेऊन बसलेले असतात तेव्हा मध्ये उघडं पाणी असू शकतं. शिवाय किनाऱ्यावरचे हौशी बंगलेवाले आपले लाकडी धक्के बर्फाने मोडू नयेत म्हणून पाण्यात बुडबुडे सोडणारी यंत्रं लावतात. त्यांच्या आसपास बर्फ फसवा असतो. ओढे जिथे तलावाला मिळतात तिथेही तेच. आणि मासे नेमके ओढ्याच्या तोंडाशी जमतात.

आणखी एक. रात्री तापमान झपाट्याने उतरलं की बर्फ आकसतो, तडकतो आणि तोफ डागल्यासारखा आवाज करतो. पहिल्यांदा ऐकणारा पळत सुटतो. जाडी मोजलेली असेल तर बसून राहा, दर वेळी पळालात तर रात्रभर पळाल. जाडी मोजलेली नसेल तर पळण्याचा निर्णय बरोबरच आहे, फक्त उशिरा घेतलेला.

थंडी, वारा आणि झेंडा

टिप-अप नावाचं साधन भोकावर आडवं ठेवतात. मासा दोरी ओढतो, स्प्रिंग सुटते, झेंडा उभा राहतो आणि सगळे "फ्लॅग!" म्हणून धावतात. जोराचा वारा असला की झेंडा माशाविनाच उभा राहतो. तरीही धावायचंच असतं, कारण न धावणाऱ्याचा तोच झेंडा खरा निघतो. अंग गरम ठेवायचा याहून चांगला उपाय नाही.

उणे १५च्या खाली भोक काही मिनिटांत साय धरतं. झारा हाताशी ठेवा, आपला पुऱ्या तळायचा चालतो, फक्त घरी सांगू नका. गळाच्या छोट्या काठीच्या कड्यांमध्ये बर्फ जमून दोरी अडकते, ती तोंडात धरून वितळवण्याची पद्धत आहे. मी शिफारस करत नाही.

आता सॅमनचा कायदा. न्यू हॅम्पशायरमध्ये बर्फातून लागलेला सॅमन ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. कडक थंडीत त्याला फोटोसाठी बर्फावर आडवा ठेवलात तर डोळे आणि कल्ले गोठायला लागतात आणि सोडलेला मासा जगत नाही. शक्यतो भोकातच, पाण्यात ठेवून गळ काढावा. म्हणजे फोटो नाही, पुरावा नाही. संध्याकाळी "मोठा सॅमन लागला होता, सोडला" असं सांगाल तेव्हा ते अक्षरशः खरं असूनही कुणी मानणार नाही. या छंदात हवामानाचं कारण खपतं, कायद्याचं खपत नाही.

जानेवारीतला उबारा

जानेवारीच्या मध्यावर कधी कधी दोन-चार दिवस अचानक पाऊस पडतो, पारा ८-१०वर जातो आणि स्थानिक मंडळी अर्ध्या चड्डीत फिरतात. बर्फावर तळी साचतात आणि तुमच्या जुन्या भोकांतून गरगर फिरत खाली उतरतात. वितळलेलं पाणी ओढ्यांतून तलावात येतं, त्याबरोबर अन्न येतं, मासे हलतात. कागदावर हे दिवस उत्तम. त्या दिवसांत मी काठावरून बघतो आणि कारण म्हणून "बर्फ बरोबर नव्हता" सांगतो. ते कारण सगळ्यात सोज्वळ आहे, कारण त्यासाठी तिथे जावंही लागत नाही.

हंगाम आवरताना

बर्फावरच्या झोपडीला इथे बॉबहाउस म्हणतात. तिच्यावर मालकाचं नाव-पत्ता लिहावा लागतो आणि १ एप्रिलपर्यंत ती तलावावरून हलवावी लागते. तलाव मात्र तारीख पाळत नाही. एम. एस. माउंट वॉशिंग्टन ही प्रवासी बोट आपल्या पाचही बंदरांना पोचू शकेल इतकं पाणी मोकळं झालं की बर्फ गेल्याचं जाहीर होतं. विमानातून पाहणी होते, गावोगाव पैजा लागतात. १८८७पासूनच्या नोंदींत सगळ्यात उशीर झाला तो १८८८मध्ये, १२ मे रोजी. सगळ्यात लवकर गेला तो २०२४मध्ये, १७ मार्चला. म्हणजे त्या वर्षी झोपडी मुदतीआधी दोन आठवडे हलवली नसती, तर ती पत्त्यासकट तळाला गेली असती.

आणि ज्या १ एप्रिलला झोपडी उचलायची, त्याच १ एप्रिलला उघड्या पाण्यात सॅमन धरायचा हंगाम सुरू होतो. सगळा हिवाळा बर्फाखाली चार फुटांवरून फिरणारा मासा त्या दिवशी घरी नेता येतो, फक्त तो आता कुठे आहे ते कळत नाही. बहुतेक तलाव अजून गोठलेला, म्हणून लोक वीअर्स बीचच्या धक्क्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि गळ फेकतात. जागा हवी असेल तर उजाडायच्या आत या. दाबाचं कारण तिथेही चालतं, पण सकाळी नऊच्या आत ते कुणीतरी आधीच वापरलेलं असतं, तेव्हा वाऱ्याचं एखादं तयार ठेवा.