पपईवर भागत नाही

पाळी चुकली की पहिला सल्ला येतो पपईचा. मग तीळगूळ, मग गाजराच्या बियांचा काढा. पूर्वी शेजारीण सांगायची, आता मोबाइलवर कुणीही सांगतं. शेवटचं वाक्य ठरलेलं: "नैसर्गिक आहे गं, अपाय काही नाही."

हे साफ खोटं आहे. धोत्राही नैसर्गिकच, आणि चित्रकही. चित्रकाची मुळी वाटून नुसती कातडीला लावली तरी फोड येतात. गर्भ पाडण्यासाठी तीच मुळी आत सारण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्यातून रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो, बाई जिवानिशी जाऊ शकते. कच्च्या पपईच्या चिकानं उंदरिणीच्या गर्भाशयाचे स्नायू आकसतात, एवढं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तेवढ्यावर कुणी महिनाभर पपई खात बसली तर वाया जातो तो तिचा महिना, आणि या कामात महिन्याला फार किंमत असते.

वनस्पतींत दम नाही असं मात्र मुळीच नाही. 1940च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं. त्याच वाटेनं पुढे जात 1951 साली मेक्सिको सिटीत नॉरएथिस्टेरॉन तयार झालं आणि गर्भनिरोधक गोळीचा रस्ता खुला झाला. म्हणजे जिला 'केमिकल' म्हणून नाकं मुरडतात, त्या गोळीचा उगम रानातच आहे. फरक एवढाच, की तिची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरली आणि ती किती जणींना फसली हे मोजलं गेलं. पिंपळी, वावडिंग आणि टंकणखाराचं जुनं चूर्ण विकणाऱ्याला विचारा, शंभरांत किती जणींना दिवस राहिले? उत्तर येणार नाही. शिवाय त्यातला टंकणखार म्हणजे बोरॅक्स. तो कुठल्या झाडाला लागतो?

सरकीची गोष्ट तर प्रत्येक काढेवाल्याला ऐकवावी अशी. सरकीतल्या गॉसिपॉलनं पुरुषांचे शुक्राणू घटतात हे चीनमध्ये लक्षात आलं आणि 1970च्या दशकात हजारो पुरुषांवर चाचण्या झाल्या. औषध लागू पडत होतं. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं, काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. अखेर तो नाद सोडला गेला, आणि योग्यच झालं. मग बाईच्या घशात काढा ओतताना तिच्या अंगावर काय उठतं याची नोंद कोण ठेवतं?

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं 1921 साली. या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकामुळे खटले झाले. त्या केंद्राला शंभर वर्षं उलटून गेली, तरी भार बाईवरच आहे. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदीवर विसंबलेल्या विवाहित स्त्रिया जवळपास 38 टक्के निघाल्या. पुरुष नसबंदीचं प्रमाण 0.3 टक्के. काढाही तिनंच प्यायचा, टाकेही तिनंच घालून घ्यायचे.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली 'छाया' ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्याला एक. कुणाला चालते, कुणाला नाही, हे डॉक्टर किंवा नर्सबाई तपासून सांगतात. निरोधही तिथेच मिळतो आणि तो नवऱ्यानं स्वतः जाऊन आणावा. दिवस गेलेच आणि नको असतील, तर पपई चिरत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. 1971च्या कायद्यानं, त्यातल्या अटींत बसणारा गर्भपात नोंदणीकृत डॉक्टरकडून मान्यताप्राप्त ठिकाणी करून घेता येतो. सज्ञान बाईला त्यासाठी फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यानं मागितलेली नाही. कुणी मागितलीच, तर कुठल्या कलमाखाली मागता, असं त्यांना तिथंच विचारा.