धुऊन जाणाऱ्या रंगांचा जाबता

मुलांच्या हाती रंग आणि रंगांच्या हाती अंगण सोपवण्यापूर्वी गृहस्थाने स्वतःच्या मनाची, घरच्या स्वयंपाकघराची आणि सहकारी गृहरचना संस्थेच्या चिटणीसांची पूर्वतयारी करून घ्यावी, असा आमचा स्वानुभवसिद्ध अभिप्राय आहे. पैकी पहिल्या दोहोंची समजूत तोंडी घालता येते, तिसऱ्यांस लेखी कळवावे लागते. पदपथावर मुलांनी चित्रे काढावीत ही कल्पना ज्या मुलखातून आली, तेथील पदपथ बहुधा मोकळे असावेत. आपल्याकडे त्यावर दुचाक्या, भाजीच्या पाट्या आणि वडापावची गाडी यांची जुनी वहिवाट असल्यामुळे प्रस्तुत जाबता इमारतीच्या आवारातील फरशीपुरताच लागू समजावा.

आधी पिठाचा विचार. या रंगाचे मूलद्रव्य कॉर्नफ्लोअर होय. ते मक्यापासून निघते, आणि एवढ्याच सत्यावर विसंबून आम्ही पहिल्या खेपेस गिरणीतून दळून आणलेले मक्याच्या भाकरीचे पिवळे पीठ पाण्यात कालवले. जे सिद्ध झाले ते धिरड्याला योग्य होते. त्याने काढलेल्या हत्तीचे पाय मुंग्यांनी आणि पाठ कावळ्यांनी नेली. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातील निव्वळ पिष्ट, चिमटीत दाबले असता करकरणारी ती पांढरीशुभ्र भुकटी, जिने घरोघरी मांचुरियनचा रस्सा दाट केला जातो. मैदा वापरू नये. त्याची लई होते, आणि लईच्या बळावर एका निवडणुकीची भित्तिपत्रके दुसऱ्या निवडणुकीपर्यंत भिंत सोडीत नाहीत, हे सर्वांस विदितच आहे. त्याच कारणास्तव पाणीही थंडच घ्यावे. कढत पाण्यात, म्हणजे 65 अंशांच्या आसपास, पिष्टाचे कण फुगून त्याची खळ होते, आणि धुऊन जाण्याचा जो या रंगाचा एकमेव सद्गुण, तोच लयास जातो.

प्रमाण असे: 1 वाटी कॉर्नफ्लोअर, 1 वाटी थंड पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचे 4 थेंब, जे पुढे धुण्याच्या वेळी उपकार स्मरतात. पाण्यात कंजूषपणा करू नये. 2 वाट्या पिठास 1 वाटी पाणी असा व्यवहार झाला, की पातेल्यात एक विलक्षण पदार्थ अवतरतो, ज्यावर मूठ आपटावी तर तो दगडासारखा घट्ट होतो आणि अलगद बोट ठेवावे तर ते निमूट आत घेतो. सरकारी कचेरीत ज्यांनी कधी दाखला मागितला आहे त्यांना हा गुणधर्म अपरिचित वाटणार नाही. मुले मात्र मग चित्रे विसरून तासभर त्या पातेल्यास गुद्दे मारीत बसतात.

पिष्ट थंड पाण्यात विरघळत नाही, नुसते तरंगते, आणि वडीलधाऱ्यांची पाठ वळताच तळाशी जाऊन बसते. यास्तव फडणीस, पोतनीस, चिटणीस या मालिकेत ‘ढवळणीस’ असा एक नवा हुद्दा निर्माण करून तो घरातील निवृत्त माणसास द्यावा. आमच्याकडे तो आमच्याच गळ्यात पडला. रंग वेगवेगळे ठेवण्यासाठी इडलीपात्र घेऊ नये, कारण त्याच्या खळग्यांना बारीक भोके असतात, आणि ती किती बारीक असतात हे आम्हांस ओट्यावरील निळ्या ओघळांवरून कळले. आप्पेपात्र उत्तम. ते मागताना कारण सांगू नये.

आता रंग. बाजारातील खाण्याचे रंग सर्वांत सोपे. आपल्याकडे कायद्याने असे 8 कृत्रिम रंग मान्य केलेले असून जिलबीसारख्या मिठाईत त्यांचे प्रमाण 10 लक्ष भागांत 100 भागांहून अधिक असू नये, असा दंडक आहे. फरशीस हा दंडक लागू नसल्याचे मुलांनी आपण होऊन ताडले. ज्यांना निसर्गाचा सोस असेल त्यांनी बीट किसून पिळावे. त्याची गुलाबी ऐट मात्र उन्हात दिवसभरसुद्धा टिकत नाही. पालकाचा हिरवा बरा. शुभ्र रंगासाठी चुना वापरण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा, कारण चुना डोळ्यांत गेला तर डोळ्यास कायमची इजा होऊ शकते. कॉर्नफ्लोअर स्वतःच पांढरे आहे. ओले असताना हा रंग इतका फिकट दिसतो, की मुले रडकुंडीस येऊन दुसरा हात देऊ पाहतात. त्यांना थांबवावे, वाळल्यावर तो आपोआप खुलतो.

राहिली हळद, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे प्राप्त आहे. आमच्या नातीने तळमजल्यावरील गाड्या लावण्याच्या जागेत, खरबरीत शहाबादी फरशीवर, परातीएवढा सूर्य हळदीने रंगवला. दुसऱ्या दिवशी सर्व चित्रे एका बादलीत वाहून गेली, सूर्य राहिला. ज्यांच्या गाडीच्या जागेत तो उगवला होता, त्या सद्गृहस्थांनी धुण्याची पावडर भुरभुरून घासणीने त्यावर स्वारी केली, तो काय, पिवळा सूर्य पाहता पाहता तांबडालाल झाला! त्यांनी हाक मारून आम्हांस खाली बोलावले, आणि मुलांच्या रंगात काय विष कालवले आहे याचा खुलासा मागितला. हळदीस क्षार भेटला की ती लाल होते, आणि हळदीस चुना देऊन कुंकू करणाऱ्या बायकांना हे ठाऊक असते, असे आम्ही नम्रपणे निवेदन केले व वरून अर्धे लिंबू पिळून दाखवले. सूर्य पुन्हा पिवळा झाला. त्याने त्यांचे समाधान झाले नाही.

यथावकाश चिटणीसांकडून कैफियत देण्याविषयी पत्र आले. आम्ही उत्तरात लिहिले, की कामसूत्रातील 64 कलांत तांदूळ व फुले यांनी भूमी सजवण्याची कला गणलेली आहे. शिवाय आमची आजी चैत्रात गौरीपुढे घरात आणि दारात चैत्रांगण काढी आणि सकाळी सडा घालताना तेच आपल्या हाताने पुसून टाकी, आणि या दोन्ही कृत्यांस तिने कोणाची मंजुरी घेतल्याचे स्मरत नाही. अर्जावर शेरा आला: ‘तांदूळ आवारात साठवण्यास परवानगी नाही.’

हळदीचा डाग साबणास बधत नसला तरी सूर्यप्रकाशास बधतो. कडक ऊन लागत राहिले की तो हळूहळू आपण होऊन विरतो. आमच्या नातीचा सूर्य अजून जसाच्या तसा आहे, कारण त्याच्यावर अष्टौप्रहर गाडी उभी असते. तरी सदर गाडीच्या मालकांस विनंती, की आपण काही दिवस गाडी पलीकडच्या झाडाखाली लावावी. सकाळी 10 ते 12 त्या जागेवर ऊन येते.