चाळीस टक्क्यांच्या पंगतीतला घोडा

22 सप्टेंबर 2025, घटस्थापनेचा मुहूर्त. त्या दिवशी देशात ‘बचत उत्सव’ सुरू झाला. साबण स्वस्त, शांपू स्वस्त, टूथपेस्ट स्वस्त, तूप स्वस्त. वर्तमानपत्रांची पहिली पाने आभाराच्या जाहिरातींनी भरून गेली. त्या गर्दीत एका जीवनावश्यक वस्तूची महागाई कोणाच्या ध्यानातच आली नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्यावरचा जीएसटी त्याच दिवशी 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला. कांदा चार रुपयांनी चढला की अग्रलेख येतात, नारळ चढला की विधानसभेत लक्षवेधी येते. घोडा, म्हणजे हेच पिस्तूल, चढला तर पणजीच्या आझाद मैदानावर साधे लाक्षणिक उपोषणसुद्धा नाही! बरे, दहा दिवसांनी दसरा होता. शस्त्रपूजनाचा दिवस. तोही नेमका 2 ऑक्टोबरला, गांधीजींच्या जयंतीला आला. त्यामुळे ज्यांना तक्रार करायची होती त्यांनाही तोंड उघडता आले नाही. निदान या सदराने तरी परवडणाऱ्या पिस्तुलाचा प्रश्न धसास लावावा, म्हणून हा प्रपंच.

आधी पंगत पाहू. चाळीस टक्क्यांच्या पाटावर रिव्हॉल्व्हरच्या मांडीला मांडी लावून कोण बसले आहे? कॅसिनो. शर्यतीवरची बोली. हौसेची यॉट. खासगी वापराचे विमान. साडेतीनशे सीसीवरची मोटारसायकल. आणि बाटलीतले फसफसणारे गोड पाणी. बाकीच्या देशाला ही चैनीच्या आणि पापाच्या वस्तूंची यादी वाटते. गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या माणसाला ती पर्यटन खात्याची माहितीपुस्तिका वाटते. विमानासाठी मोपा आहे. कॅसिनोसकटच्या मोठ्या प्रकल्पाची धारगळात कधीपासून चर्चा आहे. जाड टायरांच्या मोटारसायकली शिवोलीहून पूल ओलांडून चोपड्याच्या तिठ्यावर येतात आणि मोरजीचा रस्ता कुठला, हे विचारण्यासाठी भर रस्त्यात थांबतात. यॉटचे म्हणाल तर शापोरा नदी आहेच, गाळ काढला की झाले. सगळी पंगत आमच्याच अंगणात बसली आहे. मग घोड्याने एकट्यानेच उपाशी का राहावे?

तिठ्यावरचे आमचे एक स्नेही जमिनीचे व्यवहार जुळवून देतात. त्यांना दलाल म्हटलेले खपत नाही, ‘कन्सल्टंट’ म्हणावे लागते. गाडी झाली, साखळी झाली, सोन्याच्या फ्रेमचा गॉगल झाला, आता कमरेला काहीतरी हवे असे त्यांच्या मनाने घेतले. ‘पात्रांव, भारीतले नको, बजेटमध्ये बसणारे सांगा,’ म्हणाले. शस्त्रांबद्दलचे माझे ज्ञान दिवाळीच्या टिकल्यांपाशी संपते. तरी चार जागी विचारून जे कळले ते असे.

आपल्या देशात परदेशी पिस्तूल साध्या नागरिकाला मागवता येत नाही. ते दार 1980 च्या दशकातच बंद झाले. त्याआधी आलेली जुनी विलायती पिस्तुले आता हातोहात फिरतात, आणि ज्या किमतीला फिरतात त्या किमतीत मोटार येते. अमेरिकेत दोन-तीनशे डॉलरांत साधे पिस्तूल मिळते, आणि तिथला ग्राहक तेवढ्यावरही ‘पैसे वसूल होतात का’ म्हणून कीस पाडत बसतो. आपल्याकडे नव्या मालाचा मोठा आधार म्हणजे कानपूरचा सरकारी कारखाना. 2014 च्या जानेवारीत तिथल्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, खास स्त्रियांच्या रक्षणासाठी. वजन पाचशे ग्रॅम, किंमत 1,22,360 रुपये. ग्रॅमला साधारण 245 रुपये पडले. सोबत दागिन्यांना असते तशी मरून रंगाची पेटी फुकट! रात्रपाळी संपवून बसने घरी जाणाऱ्या मुलीने वर्षभराचा पगार साठवावा, घोडा विकत घ्यावा आणि मग बसच्या भाड्याला पैसे उरले नाहीत म्हणून अंधारातून चालत जावे, अशी ती एकूण योजना होती. स्त्री-संघटनांनी तेव्हाच कपाळावर हात मारून घेतला.

मग 2020 मध्ये वेब्ली अँड स्कॉट ही मूळची इंग्रज कंपनी उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे आली. साहेब गेला तेव्हा जे रिव्हॉल्व्हर बरोबर घेऊन गेला, ते आता आत्मनिर्भर होऊन परतले. दीड लाखाच्या वर. 2023 च्या ऑगस्टमध्ये कानपूरनेच ‘प्रबल’ आणले. जुन्यांपेक्षा दुप्पट पल्ला, पन्नास मीटर. ‘पन्नास मीटर म्हणजे किती?’ स्नेह्यांनी विचारले. म्हटले, तुम्ही परवा विकलेल्या प्लॉटच्या या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंतसुद्धा नाही. त्यांचा चेहरा पडला.

आता करआकारणी. कारखान्याची किंमत लाख रुपये धरा. पूर्वी 1 लाख 28 हजार पडायचे, आता 1 लाख 40 हजार. बारा हजारांचा फरक. त्यात परवान्याच्या येरझाऱ्या धरा. जिल्हाधिकारी, पोलिसांची चौकशी, मामलेदाराचा अहवाल, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. म्हणजे ‘दोनावर एक फुकट’ ही योजनाही कायद्यानेच बाद केली. दुकानदाराने गिऱ्हाईक आणावे कुठून?

पण आमचे स्नेही हिशेबी. ‘एवढ्या पैशात दुसरे काय येते ते सांगा,’ म्हणाले. मी सांगितले. मोरजीच्या रस्त्यालगत एवढ्या पैशात उभे राहण्यापुरती जागा येईल, बसायला मिळणार नाही. त्या हिशेबाने घोडा स्वस्तच. आणि त्यांच्या धंद्यात तो उडवायचा नसतोच मुळी. सह्या होताना टेबलावर ठेवायचा असतो, चहाच्या कपाशेजारी, तोंड भिंतीकडे करून. त्याने विकणाऱ्याचा सूर खाली येतो, घेणाऱ्याचा वर जातो. नोटरीच्या शिक्क्यालासुद्धा एवढे वजन नसते. सहा गोळ्यांपैकी एकही न वापरता सगळे पैसे वसूल.

वापरल्यावर मात्र वसुलीचा भरवसा देता येत नाही. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा मुंबईतल्या घरी आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हर हाताळत असताना त्यातली गोळी त्याच्याच पायात गेली. वर्षानुवर्षे सांभाळलेल्या शस्त्राने केलेली कामगिरी ती हीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलिस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, जमिनीच्या भांडणातून सत्ताधारी बाजूचा आमदार सत्ताधारी बाजूच्याच पुढाऱ्यावर गोळीबार केल्याच्या आरोपाखाली अटकेत गेला. इथे निदान फिर्याद द्यायला लांब जावे लागले नाही. जुलैत मुळशीतली एक चित्रफीत पसरली. शेतजमिनीचा वाद, समोर शेतकरी, हातात पिस्तूल. शस्त्रे वेगवेगळी, गावे वेगवेगळी, पण कागद काढून पाहिले तर यातल्या दोन प्रकरणांत सातबाराच निघतो.

आणि बीड! डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तेव्हा लोकांना कळले की त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने आहेत. वाघ नाही, गवा नाही, समुद्र नाही की सरहद्द नाही. बाराशे माणसांच्या जिवाला नेमके काय होत होते, हे प्रशासनाने तपासायला घेतले आणि शंभराहून अधिक परवाने रद्द केले. रद्द करता आले म्हणजे मुळात ते नसते दिले तरी चालले असते. हे कळायला एक खून लागला.

इथवरची सगळी गंमत कमरेला लटकणाऱ्या बंदुकीची झाली. पेडणे, डिचोली, सत्तरीत खरी बंदूक ज्याच्याकडे आहे तो वेगळा माणूस. त्याच्याकडे असते ती आज्या-पणज्याची ठासणीची बंदूक, फार तर एकनळी काडतुसी. परवाना शेतीसंरक्षणाचा. ती दाखवायला नाही. दसऱ्याला तिला झेंडूचे फूल वाहतात आणि बाकी वर्षभर ती दाराआड खुंटीला असते. दारू भरा, चिंध्या ठासा, छर्रे घाला, केप बसवा. एवढे होईपर्यंत रानडुक्कर चिबडाचा वेल संपवून मिरचीत शिरलेले असते. तरी एक बार काढला की कळप चार दिवस फिरकत नाही. तिच्यावर चाळीस टक्के लावा की चारशे, तो नवी घेणारच नाही.

या माणसाचा महागाईशी संबंध पोलिस ठाण्यात येतो. निवडणूक लागली की फर्मान निघते, शस्त्रे जमा करा. 2022 च्या फेब्रुवारीत विधानसभा झाली, ऑगस्टमध्ये ऐन भातशेतीत पंचायत. 2024 मध्ये लोकसभा. आचारसंहिता लागली 16 मार्चला, गोव्याने मत दिले 7 मे रोजी, निकाल लागला 4 जूनला. म्हणजे उत्तर प्रदेशाचे आणि बंगालचे मतदान नीट पार पडावे म्हणून डिचोलीच्या बागायतदाराची बंदूक काजूचा अख्खा हंगाम ठाण्यात अडकून राहायची. 2025 च्या 20 डिसेंबरला पुन्हा जिल्हा पंचायत. लोकशाहीत एवढ्या निवडणुका, आणि एकीतही रानडुकराला काही जमा करावे लागत नाही. सुळेसुद्धा नाहीत. आगरवाड्याकडचे एक आबा मला म्हणाले, ‘दुकराक मत आसा काय रे?’ मी म्हटले, नाही. ‘मगे ताका कित्याक इतको मान?’ उत्तर द्यायला मला अजून सुचलेले नाही.

निवडणूक आयोगाच्या सूचना पाहिल्या तर त्यात सरसकट जमा करा असे नाही. छाननी समिती बसवा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वीच्या दंगलीत सापडलेले यांची शस्त्रे पाहा, असे आहे. म्हणजे एकेक परवाना हातात घेऊन वाचायचा. वाचण्यापेक्षा गोळा करणे सोपे. एकेक माणूस तपासण्यापेक्षा एकच परिपत्रक काढणे सोपे. त्या परिपत्रकातून बँकेचा रखवालदार सुटतो, राष्ट्रीय स्पर्धेतला नेमबाज सुटतो. शेतीच्या रक्षणासाठीच परवाना मिळालेला शेतकरी तेवढा रांगेत.

बरे, बंदूक घरी असली तरी डुकराला मारायचे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित. म्हणजे परवाना पिकाच्या रक्षणाचा, बंदूक आवाजापुरती. गोव्यातच 2016 मध्ये उपद्रवी प्राण्यांच्या यादीत माकड आणि रानडुकराबरोबर राष्ट्रीय पक्षी मोरालाही बसवण्याचा विचार सरकारातून पुढे आला होता. त्याच वर्षी सरकारने माडाला झाड मानायचे नाकारले होते, तेव्हा मोराला शत्रू मानले यात विशेष नवल नाही. पुढच्या वर्षी माड राज्यवृक्ष झाला. मोर अजून राष्ट्रीयच आहे. शेतकरी मात्र दोन्ही वर्षी होता तिथेच होता.

एवढे सगळे ऐकून आमच्या कन्सल्टंट स्नेह्यांनी अर्ज भरलाच. ‘जिवाला धोका’ या रकान्यात काय लिहू, असे विचारत आले होते. मी म्हटले, ज्यांच्या जमिनी विकून दिल्यात त्यांची यादी जोडा. राग मानून गेले. रागातसुद्धा गाडी साडेतीनशे सीसीवरचीच होती.

आता जिल्हाधिकाऱ्यांना हात जोडून एवढेच. टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवायची जी शस्त्रे आहेत, ती खुशाल जमा करून घ्या. निवडणुकीआधी घ्या, नंतरही ठेवून घ्या, चाळीस टक्क्यांसकट. खुंटीवरची ठासणीची तेवढी खुंटीवर राहू द्या. छाननी समितीला कागद कमी पडत असतील तर पेडण्यातल्या शेतकऱ्यांच्या परवान्यांची पाने फार नाहीत, एका दुपारी वाचून होतील. विधानसभेची पुढची निवडणूक 2027 च्या सुरुवातीला आहे. काजू त्याच दिवसांत धरतो.