थायरॉइड पॅकेजवाल्या साहेबांना खुले पत्र

राजमान्य राजेश्री पॅकेजवाले साहेब,
सा. न. वि. वि.

आमच्या बेगडेवाडीला लोकलशिवाय फारसं काही थांबत नाही. तुमचा माणूस मात्र थांबला आणि सकाळी सहाला शेजारच्या काकूंचं रक्त काढून गेला. उपकार झाले. काकूंना एवढंच हवं होतं की गोळीचा डोस बरोबर आहे का. तुम्ही टी-३, टी-४, फ्री टी-३, रिव्हर्स टी-३, अँटी-टीपीओ असं पंगतीत वाढावं तसं वाढलंत. हवा होता एकटा टीएसएच.

थायरॉइड कमी पडली की पिट्युटरी टीएसएच वाढवून तिच्या मागे लागते. म्हणून आधी टीएसएच आणि तो बिघडला तर फ्री टी-४. हे तुमच्या फलकावर एका ओळीत मावलं असतं. पण एका ओळीचे पैसे कोण देणार?

टी-३वर तर तुमचा भारी जीव. ग्रंथी थकली तरी शरीर टी-३ शेवटपर्यंत सांभाळतं, म्हणून आजार असतानाही तो आकडा नॉर्मल येऊ शकतो. लेव्होथायरॉक्सिनचा (म्हणजे काकूंच्या त्या गोळीचा) डोस ठरवायला टी-३ मागवू नका, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०१३ मध्येच डॉक्टरांना सांगितलं. त्याच वर्षी छापून आलेल्या ८ शहरांच्या पाहणीत (त्यात मुंबई आणि गोवाही) शंभरात सुमारे ११ प्रौढांना हायपोथायरॉइडिझम आढळला. यातलं तुम्ही दुसरं तेवढं वाचलंत, गिऱ्हाइकं मोजायला.

अँटी-टीपीओ ही अँटीबॉडीची तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की तिचं काम संपलं. काकूंची ती दर वेळी का? अँटीबॉडी घर सोडून गेल्यात का ते बघायला? डोस बदलल्यावर पंधरवड्यात ‘री-चेक ऑफर’चा फोन येतो तो वेगळाच. टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे लागतात, साहेब. तुमचं टार्गेट महिनाअखेरीस असतं, हा त्या ग्रंथीचा दोष नव्हे.

काकू गोळी चहाबरोबर घेतात, वर लगेच कॅल्शियम. दोन्हीमुळे गोळी नीट शोषली जात नाही. हे विचारायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच कोणी विचारलं नसावं. केसांसाठी बायोटिन घेता का, हेही नाही. त्याने रिपोर्टचे आकडे खोटे येऊ शकतात.

वाचकहो, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच तपासा. मात्र पिट्युटरीचा आजार असेल किंवा बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, तर ते त्यांना आधी सांगा. तिथे एकट्या टीएसएचवर भागत नाही, फ्री टी-४ लागतोच.