टी-शॉटसाठी भरवशाचा क्लब निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

गोल्फच्या नियमांप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. पंधरावा सापडला तर ज्या होलवर तो जवळ होता त्या प्रत्येकासाठी दोन फटके दंड, एका फेरीत फार तर चार. या चौदांतले तेरा कसेही निवडले तरी चालतात, कारण ते आपण झाडाआड, खड्ड्यात, कोणी बघत नसताना वापरतो. प्रश्न एकाचाच आहे. क्लबहाउसच्या व्हरांड्यात चहा पिणारी मंडळी मान वळवून बघत असताना पहिल्या टीवर जो हातात धरायचा, त्याचा. म्हणून ही निवड भावनेच्या भरात करू नये. खालील पद्धतीने करावी.

प्रथम ड्रायव्हर विकत घ्यावा. घेऊ नका असे सांगून कोणी ऐकत नाही, तेव्हा ती पायरी आधीच उरकलेली बरी. आजच्या ड्रायव्हरचे डोके 460 घनसेंटिमीटरपर्यंत मोठे असते, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा किंचितच लहान. समोर 42.67 मिलिमीटरचा चेंडू, तोही हलत नाही. तरीही तो नीट लागत नाही याचे कारण दांड्यात आहे. ड्रायव्हरचा दांडा साधारण 45 इंचांचा, थ्री-वूडचा 43 च्या आसपास, सेव्हन-आयर्नचा 37. दांडा लांबला की वेग वाढतो आणि डोक्याचा मधला भाग चेंडूवर आणणे तेवढेच कठीण होते. त्यात ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे चेहऱ्याचा कल, जेमतेम दहा-साडेदहा अंश. लॉफ्ट कमी असला की मागची फिरकी कमी मिळते आणि फटक्यातला तिरकेपणा उघडा पडतो. मग चेंडू सरळ निघाल्याचा आव आणतो आणि अर्ध्या वाटेवर उजवीकडे वळून शेजारच्या फेअरवेवरच्या अनोळखी लोकांची विचारपूस करायला जातो. यालाच स्लाइस म्हणतात. थ्री-वूडच्या 15 अंशांत हे पाप बरेच झाकले जाते. पण थ्री-वूडकडे व्हरांड्यातून कोणी बघत नाही.

पूर्वी हे डोके पर्सिमनच्या लाकडाचे असे. आपल्याकडे ज्याच्या पानांत विड्या वळतात त्या तेंदूचा हा अमेरिकेतला भाऊबंद. 1979 साली टेलरमेडने पोलादी डोके बाजारात आणले आणि तेंदूच्या नातेवाइकाची सद्दी संपत गेली. 1991 मध्ये कॅलवेने आपल्या ड्रायव्हरला ‘बिग बर्था’ हे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचे नाव दिले आणि तो धडाधड खपला. तोफेच्या नावाने माल विकला की गिऱ्हाईक नेम कसा आहे ते विचारत नाही, आवाज विचारते.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याचे बोलणे ऐकू नये. क्लबचा चेहरा उजेडात तिरका धरून बघावा. दांड्याच्या बाजूला चेंडूच्या पांढुरक्या खुणांची गर्दी दिसली तर आधीचा मालक आयुष्यभर उजवीकडे चेंडू शोधत हिंडला. डोक्याच्या वरच्या रंगावर, पुढच्या कडेला ओरखडे असतील तर त्याने टी फार उंच लावली आणि चेंडू आभाळाला अर्पण केला. फक्त मधोमध झिजलेला आणि कडा कोऱ्या असलेला ड्रायव्हर कधी विकायला येत नाही. घरी आणल्यावर चेहऱ्यावर पावडरीचा हलका थर मारून चार चेंडू मारावेत. कुठे लागतोय त्याचा ठसा उमटतो. बहुतेकांना तो बघून पावडरच्या दर्जाविषयी शंका येते.

आता चाचणी. दुकानातल्या पडद्यासमोर दहा चेंडू मारायचे, त्यातला एक 240 यार्ड जातो, आणि गिऱ्हाईक खिशात हात घालते. उरलेले नऊ पडद्यातल्या झाडीत जातात, पण ती झाडी खोटी असल्याने त्यांचे कोणाला वाईट वाटत नाही. शास्त्र मात्र उलटे आहे. क्लबचा भरवसा त्याच्या सर्वांत चांगल्या चेंडूवरून ठरत नाही. सर्वांत वाईट तीन चेंडू कुठे गेले आणि तिथून पुढचा फटका मारता येतो का, एवढेच बघायचे. या कसोटीला फाइव्ह-वूड आणि हायब्रिड सहसा उतरतात. म्हणून ही कसोटी दुकानात घेत नाहीत.

चाचणीवर विश्वास नसेल तर आगेवाल्यावर ठेवावा. आपण मारायच्या आधी पुढे जाऊन चेंडूवर नजर ठेवणारा हा माणूस कोर्सवरचा सर्वांत तटस्थ जाणकार असतो. आपण ड्रायव्हर काढल्यावर तो उजव्या हाताच्या झाडांत जाऊन उभा राहिला, तर निकाल लागलाच म्हणून समजावे. हायब्रिड काढल्यावर तो फेअरवेच्या मधोमध आला तर लग्न ठरले. कॅडीच्या तोंडून हे वदवून घेऊ नये. तो “साहेब, हायब्रिड देऊ?” एवढे एकदा विचारतो, आणि नंतर अठराव्या होलपर्यंत काही बोलत नाही.

पावसाळ्याचा उल्लेख करायला हवा. येरवड्याचा कोर्स असो की चेंबूरचा, जुलैत चेंडू पडला तिथेच रुततो. बसकी गोळी मारून घरंगळण्यावर विसंबणाऱ्यांनी लॉफ्ट वाढवावा किंवा दिवाळीपर्यंत पुस्तके वाचावीत.

एक हिशेब मात्र कोणी करू नये. 380 यार्डांचा पार-फोर. सेव्हन-आयर्नने 130-130 यार्डांचे तीन फटके मारले की चेंडू ग्रीनवर. त्यावर पटरचे दोन फटके, एकूण पाच. प्रत्येक होलवर पारच्या वर एकच राहिला तर अठरा हँडिकॅप, ज्यासाठी माणसे वर्षानुवर्षे झुरतात. हे कोणाला कळले तर ड्रायव्हरचा धंदा बसेल.

मोठ्यांची उदाहरणे घ्यायची तर टायगर वूड्सचे घेऊ नये. 2006 च्या ब्रिटिश ओपनला हॉयलेकची जमीन उन्हाने कडक झाली होती. त्याने 72 होल्समध्ये ड्रायव्हर एकदाच काढला, बाकी आयर्न आणि थ्री-वूडने खेळून स्पर्धा जिंकली. यातून शिकण्यासारखे काही नाही. महिनाभर आधी विंग्ड फूटला यूएस ओपनच्या शेवटच्या होलवर फिल मिकलसन एका फटक्याने पुढे होता. त्याने ड्रायव्हर मारला. चेंडू पाहुण्यांच्या तंबूवर आदळला, होलला सहा लागले आणि करंडक जेफ ओगिल्व्हीकडे गेला. हा आपला माणूस.

त्याहून आपला ज्याँ व्हॅन द वेल्ड. 1999, कार्नूस्टी, अठरावा होल, तीन फटक्यांची आघाडी. सहा लागले तरी ब्रिटिश ओपन त्याचीच. त्याने ड्रायव्हर काढला. चेंडू उजवीकडे भरकटला तरी वाचला. पुढचा प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळून उलटा आला, त्यापुढचा ओढ्यात. बूट-मोजे काढून गडी पाण्यात उतरला, थोडा विचार केला, आणि परत वर आला. एकूण सात. प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. पुढे एका पटर कंपनीच्या जाहिरातीसाठी तोच होल तो टीपासून फक्त पटरने खेळला आणि तिसऱ्या प्रयत्नात सहा फटक्यांत संपवला.

तरीही पटरने टी-शॉट मारण्याची शिफारस येथे करता येत नाही. पटरने चेंडू सरळ जातो, आणि चेंडू सरळ गेला की फोरबॉलमधल्या बाकीच्या तिघांना पुढचे चार तास बोलायला विषय राहत नाही.